भिंत एक, धनी ऐंशी

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात वूजो गावालगत दगडी भिंतीने वेढलेली एक द्राक्षबाग आहे, क्लो द वूजो. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे आपले सव्वाशे एकर. आत बांध असा कुठे दिसत नाही, ओळींमागून ओळी चढाकडे जातात. तरी या सव्वाशे एकरांना धनी आहेत ऐंशीच्या आसपास. कुणाच्या नावावर चार-पाच एकर, कुणाच्या नावावर मोजक्या ओळी. वाटण्यांनी घरं बसल्याचं आपण गावोगाव पाहतो. इथे मात्र वाटण्या होत गेल्या आणि त्यांतूनच जगात नावाजलेली वाइन करणारी शेतकरी घराणी उभी राहिली.

सुरुवात संन्याशांपासून आहे. सीतोचा मठ १०९८ साली स्थापन झाला. पुढच्या काही वर्षांत आसपासच्या जमीनदारांनी मठाला जमिनी दान दिल्या, मठाने काही विकत घेतल्या, आणि चौदाव्या शतकात सगळ्याला मिळून भिंत घातली. संन्याशाला वारस नसतो. त्यामुळे मठाची जमीन वाढत गेली, फुटली कधीच नाही. जवळपास सात शतकं एकाच हाताने छाटणी, एकाच हाताने तोडणी. कुठल्या तुकड्यातली वाइन कशी उतरते, याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या एका जागी साठत राहिलं. बरगंडीत बागेच्या अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. त्यांतले १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेले.

राज्यक्रांतीने चर्चच्या मालमत्ता जप्त केल्या आणि १७९१ मध्ये क्लो द वूजोची विक्री झाली. पण खरा घाव कायद्याने घातला. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने थोरल्याला सगळं ठेवण्याची वाट बंद केली आणि मुलगा-मुलगी सर्वांना वारसा दिला. बरगंडीभर बागा चिरत गेल्या. क्लो द वूजो तेवढी १८१८ पासून उव्रार घराण्याकडे अखंड राहिली. १८८९ मध्ये ती विकली गेली आणि पहिल्यांदाच तिचे तुकडे पडले.

तो काळही वाईट होता. मुळं खाणारी फायलोक्झेरा ही कीड १८७८ च्या सुमारास बरगंडीच्या कोत दोर भागात पोहोचली होती आणि बागा उभ्या वाळत होत्या. उपाय सापडला तो अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम भरण्याचा. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे निराळं समजावायला नको. तोही आधी डॉगरिजचा खुंट लावतो आणि मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतो. डॉगरिजही मूळचा अमेरिकीच, फक्त आपल्याकडे तो आला पाण्याच्या टंचाईसाठी आणि खारवट जमिनीसाठी.

इथवरची गोष्ट कुठल्याही तुकडेबंदीच्या भाषणात शोभेल. ती पालटली बाटलीमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान शेतकरी वाइन पिंपातून विकायचा. बोन शहरातले व्यापारी ती उचलायचे, दहाजणांची एकत्र करायचे, बाटलीत भरायचे आणि लेबलावर आपलं नाव घालायचे. मिसळीत दक्षिणेकडची स्वस्त, गडद वाइन ओतण्याचे प्रकारही सर्रास चालत. शेतकऱ्याचं नाव कुठेच नाही. व्होल्ने गावच्या मार्की दांजरविल यांनी या भेसळीविरुद्ध उघड आवाज उठवला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांचा माल घेणं सोडलं. त्यांनी आपली वाइन आपणच बाटलीत भरून विकायला काढली. न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूज आणि झेव्रेचे आर्मां रूसो हेही त्याच वाटेने गेले. १९३५ च्या कायद्याने गावाच्या आणि बागेच्या नावाला संरक्षण दिलं. मला या सगळ्या इतिहासात मठापेक्षा ही माणसं मोठी वाटतात. संन्याशांनी जमीन ओळखली, यांनी शेतकऱ्याला त्याचं नाव मिळवून दिलं.

नाव मिळाल्यावर लहान तुकडा परवडू लागला. क्लो द वूजोच्या दर्जाच्या बागेत हेक्टरी सुमारे दहा हजार वेली असतात आणि उत्पन्नाला मुद्दाम मर्यादा घातलेली असते. हेक्टरी ३५ हेक्टोलिटरचा हिशेब धरला, तर एकरी वाइन येते २२८ लिटरची जेमतेम सहा पिंपं. द्राक्षं भरतात एकरी दोन टनांहून कमी. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे खरं वाटणार नाही. पण त्या सहा पिंपांच्या सुमारे अठराशे बाटल्यांवर घराचं नाव असतं.

वाटण्या अर्थात थांबल्या नाहीत. व्होन-रोमाने गावच्या ग्रो या एकाच कुळाची आज चार वाइनघरं आहेत, सगळी भाऊबंदांची, प्रत्येकाचं लेबल वेगळं. लग्नांनी जमिनी पुन्हा जुळतात आणि दोन आडनावं जोडून नवं घर उभं राहतं. तुकडे अति बारीक होऊ नयेत म्हणून बरीच कुटुंबं जमीन कौटुंबिक कंपनीच्या नावावर ठेवतात आणि मुलांना ओळींऐवजी हिस्से वाटतात.

आताचं संकट उलट्या दिशेचं आहे. जमीन इतकी महागली की वारसाकर भरायला आणि भावंडांचे हिस्से चुकते करायला बागच विकावी लागते. वूजोजवळच्या मोरे-सँ-दनी गावातली साडेसात हेक्टरांची क्लो द तार मोमेसाँ घराण्याने १९३२ पासून अखंड सांभाळली होती. २०१७ मध्ये ती अब्जाधीश फ्रांस्वा पिनो यांच्या समूहाने घेतली. अशा हातांत जमीन फुटत नाही हे खरं, पण शेतात राबणारा आणि लेबलावर नाव असणारा माणूस एकच राहत नाही. मला हा तोटा वाटण्यांपेक्षा मोठा वाटतो.

क्लो द वूजोत वरच्या अंगाला, जुन्या वाड्याजवळ, माती पातळ आणि चुनखडीची आहे. पाण्याचा निचरा लगेच होतो. खाली हमरस्त्याकडे चिकणमाती जड होते आणि पावसाळी वर्षात मुळाशी पाणी थांबतं. तरी १९३७ मध्ये भिंतीआडच्या सगळ्या जमिनीला सर्वोच्च ‘ग्रां क्रू’ हा एकच दर्जा दिला गेला. म्हणून ही बाटली कधी हातात आली, तर बागेच्या ठळक नावावर थांबू नका. खाली बारीक अक्षरांत कुठल्या घराचं नाव आहे आणि वाइन त्यांनीच बाटलीत भरली आहे का, ते वाचा आणि मगच पैसे मोजा.