कोणतं लिनक्स घ्यावं?

जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या आणि राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यातल्या पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला घरात मराठी, कचेरीत हिंदी अशी सवय लावून घ्यावी लागली. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कचेरीची भाषा हिंदीच राहिली. इथल्या कुणी संगणकावर लिनक्स टाकायचं ठरवलं, की ‘कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) चांगलं?’ हा लिनक्सवाल्यांचा जुना वाद एका वेगळ्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

तो वाद लिनक्सइतकाच जुना आहे. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही डिस्ट्रो 1993 सालची, रेड हॅट त्यांच्या मागोमाग आलं. भारतात लिनक्स पोहोचलं ते बरंचसं ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या सीडीवरून. त्यामागे अतुल चिटणीस (1962–2013) यांचा मोठा वाटा होता. पुढे मासिकाने रेड हॅटच्या पायावर ‘पीसीक्यूलिनक्स’ हे स्वतःचं डिस्ट्रोही काढलं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रांगत येण्याच्या त्या काळात ज्याची सीडी हाती आली तेच लिनक्स चांगलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

कारण वाद वरवर तत्त्वांचे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी अगदी साधी अडचण असे. 2005 मधलं डेबियन ‘सार्ज’ पूर्ण हवं असेल तर चौदा सीडी लागायच्या, उबुंटू हे डिस्ट्रो एका सीडीत मावायचं. शिवाय मागणी नोंदवली की ‘शिपइट’ योजनेतून उबुंटूची सीडी टपालाने फुकट घरपोच यायची. ही योजना 2011 मध्ये बंद झाली. फेडोरा हे डिस्ट्रो पेटंटच्या अटींमुळे एमपी3 वाजवणारं सॉफ्टवेअर सोबत देत नसे. ते बाहेरून आणावं लागे आणि ज्याच्याकडे धड इंटरनेट नाही त्याचा संगणक मुका राहायचा. 2006 मध्ये आलेल्या लिनक्स मिंटने अशा गोष्टी आधीच आत घालून दिल्या, म्हणून ते घराघरांत चाललं. शुद्धतेचा आग्रह धरणारे फेडोरावाले चुकीचे नव्हते. पण गाणं वाजावं ही मागणीही रास्तच होती.

डेस्कटॉप केडीई की ग्नोम, हा दुसरा मोठा तंटा. केडीईची सुरुवात 1996 ची. ते ज्या क्यूटी संचावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नाही, या आक्षेपातून 1997 मध्ये ग्नोम जन्माला आलं. मराठी वापरणाऱ्यासाठी हा तंटा निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारं यंत्र दोघांचं वेगवेगळं होतं: ग्नोममध्ये पँगो, केडीईत क्यूटीचं स्वतःचं, आणि ओपनऑफिसमध्ये आणखी तिसरंच, आयसीयू. त्यामुळे एकच मराठी मजकूर एकाच संगणकावर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसू शकत असे. पँगो, क्यूटी आणि ओपनऑफिसमधून निघालेलं लिबरऑफिस यांनी हार्फबझ हे एकच यंत्र स्वीकारलं, तेव्हा कुठे हा गोंधळ निवळला. डेस्कटॉपच्या भांडणांवर हजारो पानं लिहिली गेली, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

फॉन्टचंही तसंच. रेड हॅटने 2004 मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि पुण्याच्या कार्यालयातून भारतीय भाषांचं बरंच काम झालं. मराठीला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लागतो, हिंदीत दंडयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ चालतो. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये मराठी रूपं प्रमाण ठरवली. दोन्ही भाषांसाठी युनिकोडचा क्रमांक मात्र एकच आहे. फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असली तरी ती जागी होण्यासाठी मजकूर मराठीचा आहे हे संगणकाला कळावं लागतं. सौंसरच्या माणसाने राज्य पाहून भाषेच्या पडद्यावर ‘हिंदी’ निवडलं, की पुढची मराठी हिंदी वळणाने दिसण्याची शक्यता असते.

खरी कसोटी कळफलकावर लागते. ‘दऱ्या’ हा शब्द इनस्क्रिप्ट या मांडणीने लिहायचा तर ओ, मग शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, शेवटी ई. शिफ्टसह जे म्हणजे ऱ. ते ठाऊक नसलं की ‘दर्या’ उमटतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. इनस्क्रिप्ट बहुतेक डिस्ट्रोंमध्ये तयारच असतो. पण मध्य प्रदेशात सरकारी टंकलेखनाच्या नोकरीसाठी सीपीसीटी ही संगणक-टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागते आणि तिची तयारी करणाऱ्या अनेकांचा हात टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो. ती मांडणी हवी तर आयबस या टंकलेखन-साधनाची जास्तीची पॅकेजं टाकावी लागतात. जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या फायलींची गत आणखी बिकट. त्यातला ‘भारत’ मुळात एच, के, के, जे, आर या रोमन अक्षरांत साठवलेला असतो आणि फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर तसाच रोमन उमटतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच काम.

सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने 2007 मध्ये डेबियनवर आधारलेलं ‘बॉस’ काढलं, भारतीय भाषांचा आधार हाच त्याचा मुख्य दावा. डेबियन असताना वेगळं डिस्ट्रो कशाला, हा आक्षेप लगेच आला आणि तो बिनबुडाचा नव्हता. तीच मेहनत थेट डेबियनमध्ये गेली असती तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रोला फायदा झाला असता. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मात्र लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात दिले आणि ते कोणत्याही डिस्ट्रोवर उपयोगी पडतात.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा मोफत आधार संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, ती नसलेली कितीतरी चालू यंत्रं आहेत आणि ‘कोणतं डिस्ट्रो?’ हे पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे. पांढुर्ण्यात त्याचं उत्तर देणाऱ्याने मिंट की फेडोरा याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: भाषेच्या पडद्यावर मराठी निवडता येते का, ऱ आणि ळ सहज टाइप होतात का, आणि रेमिंग्टन पॅकेज इंटरनेटशिवाय पेन ड्राइव्हवरून टाकता येईल का.