गेम सर्व्हर
गेम सर्व्हर म्हणजे एकाच खेळातील अनेक खेळाडूंना आंतरजालाद्वारे जोडणारा संगणक होय. सर्व्हरचा आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक वापरून खेळाडू त्याच्याशी जोडला जातो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत हा क्रमांक मूलतः २५५६५ असतो. सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असल्यास बाहेरील खेळाडू घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचू शकत नाहीत. अशा वेळी भाड्याचा सर्व्हर सोयीचा ठरतो.

सर्व्हर जितका दूर, तितका विलंब अधिक. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्यामुळे नागपूरहून सुमारे ७०० किलोमीटरवरील मुंबईस जाऊन परतण्यास किमान ७, तर सुमारे ३,५०० किलोमीटरवरील सिंगापूरसाठी किमान ३५ मिलिसेकंद लागतात. वेगवान खेळांत हा फरक निर्णायक ठरू शकतो.