पडद्यावरच्या इंपाला आणि सीपी बेरारचा प्रेक्षक

चित्रपटाच्या धंद्यात भंडारा जिल्हा ‘सीपी बेरार’ सर्किटमध्ये मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव १९५० साली सरकारी कागदांतून गेले, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात; वितरकांच्या बोलण्यात मात्र जुना प्रांत अजून नांदतो आहे. पन्नास-साठच्या दशकांत तुमसर-साकोलीकडच्या रस्त्यांवर बैलगाड्या, दमण्या आणि फार तर एसटी. मंडईच्या जत्रेनंतरच्या शंकरपटात बैलजोडीची धाव बघायला गावेच्या गावे लोटत. पण शेपटीला पंख फुटलेली लांबलचक परदेशी मोटार भेटायची ती बहुधा पडद्यावरच.

जुन्या चित्रपटात जवळजवळ सगळेच खोटे असते. हवेलीचा जिना प्लायवूडचा, चंद्र दिव्याचा, वादळ पंख्याचे. मोटार तेवढी खरी, स्टुडिओच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून आत आणलेली. त्यामुळे कुठल्या काळात देशात कोणती गाडी येऊ शकत होती आणि ती कोणाला परवडत होती, याची नोंद दिग्दर्शकाच्याही नकळत फिल्मवर उमटून राहिली. जुन्या गाड्या ओळखण्याचा नाद असलेली माणसे नेमकी हीच नोंद वाचत असतात.

ती सुरू होते शिवडीपासून. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने यायचे, इथे जोडले जायचे आणि शेवरोले मुंबईच्या रस्त्यावर उतरायची. ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) मध्ये अशोक, अनूप आणि किशोर हे तिघे भाऊ ज्या खटाऱ्याशी झटतात, तीही १९२८ च्या घडणीची शेवरोले असल्याचे सांगतात. तीस वर्षांची गाडी पडद्यावर धापा टाकत होती, तोवर शिवडीचा कारखाना बंद होऊन गेला होता.

त्याआधी वाडिया मूव्हीटोनच्या, म्हणजे स्टंटनायिका नादियाच्या चित्रपटांत एक ऑस्टिन गाडी घोड्या-कुत्र्याच्या बरोबरीने चक्क कलाकार म्हणून वावरली. तिचे नाव ‘रोल्स रॉइस की बेटी’! परळला ज्या आवारात हा स्टुडिओ होता, तिथेच १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभे केले.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. इथे ओळखणाऱ्याची कसोटी लागते. तिन्ही नावांमागे मूळ गाडी बऱ्याच अंशी एकच. फरक पुढच्या जाळीत आणि बिल्ल्यांत. कॅमेऱ्याने नाक दाखवले नाही, तर जाणकारही गप्प बसतो.

मग आला टॅरिफ कमिशनचा १९५३ चा अहवाल. गाडीचे भाग इथेच घडवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावे, नुसती जोडणी आता पुरे, असे सरकारने ठरवले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी गाशा गुंडाळला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘आर पार’ हे दोन्ही चित्रपट १९५४ चे, म्हणजे ऐन या वळणावरचे. पुढच्या दशकातल्या चित्रपटांत शहरातली रहदारी बघावी: अ‍ॅम्बॅसडर, स्टँडर्ड आणि गोलमटोल तोंडाची डुक्कर फियाट, बाकी रस्ता मोकळाच. डुक्कर फियाट ओळखायला सोपी. तिचे पुढचे दार उलटे, मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. सरळ दाराची ११०० डी आपल्याकडे १९६४ च्या सुमारास आली. तेव्हा नायिका उतरताना दार कुठल्या बाजूला उघडते एवढ्यावरून चित्रपटाचा काळ सांगता येतो.

अशा दुष्काळात इंपाला मिरवली. १९५८ साली अमेरिकेत अवतरलेली ही शेवरोले भारतात कधीच बनली नाही. वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांवर पैसेवाल्यांचा डोळा असे. पाच मीटरहून लांब असलेली ही गाडी फाटकातून आत आली की संवादाची गरज उरत नसे: मालक एक तर बडा शेठ, नाही तर तस्कर. तिचे साल मागून ओळखावे. १९५८ च्या गाडीला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे, १९५९ च्या गाडीला मांजरीच्या डोळ्यासारखा एकेक, १९६० पासून पुन्हा गोल. दरीत कोसळताना तिच्या जागी भलतीच म्हातारी गाडी गडगडताना दिसली, तर तो निर्मात्याचा हिशेब. खरी इंपाला संध्याकाळी मालकाला परत द्यायची असे!

मोटार आणि नशीब यांची सर्वांत करुण सांगड मात्र पडद्याबाहेरची आहे. विदर्भातच, अमरावतीत जन्मलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, ‘अलबेला’ने (१९५१) असे वर गेले की जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी, अशी त्यांची ख्याती झाली. पुढचे चित्रपट पडले, ‘हंसते रहना’ अर्धवट राहिला. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत परतले. त्यांच्यावरच्या ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटात तो काळ पुन्हा उभा करण्यात आला.

असा गेलेला काळ उभा करताना पाटीवर नजर ठेवावी लागते. ‘एमएच’ आणि आकडा ही पद्धत १९८९ मधली. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे असत, मुंबई राज्यात ‘बी’ने सुरू होणारी. सत्तरच्या दशकातल्या तस्कराच्या मर्सिडीजवर एमएचची पाटी दिसली, की एमएच ३६ चा, म्हणजे भंडाऱ्याचा, शाळकरी मुलगाही ती चूक पकडू शकतो.

मोटारीच्या धंद्याशी भंडाऱ्याचा थेट संबंध १९८२ मध्ये आला, तोही चित्रपटात मिरवणाऱ्या गाड्यांशी नव्हे. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना सुरू झाला. ही कंपनी १९४८ साली मद्रासकडे अशोक मोटर्स या नावाने निघाली ती ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी. पण पन्नासच्या दशकात तिने लेलँडचा हात धरला आणि ट्रक-बस हाच तिचा धंदा झाला. गडेगावात गिअरबॉक्स आणि ट्रक तयार होऊ लागले, मोटार नाही.