गॅस गेला कुठे?

आमच्या आईला अर्थशास्त्र येत नव्हतं, पण हिशेब येत होता. महिनाअखेर तेलाच्या डब्यात डोकावून ती एकच प्रश्न विचारायची, "गेलं कुठे?" तेल संपलं हे उत्तर तिला चालत नसे. तिच्या मते जगात काहीच संपत नाही, ते कुठेतरी जातं. आणि कुठे गेलं हे ज्याला सांगता येत नाही तो एक तर उधळ्या असतो, नाही तर चोर. आम्हां भावंडांना या दोन्ही पदव्या आलटून पालटून मिळालेल्या आहेत.

आईचा हा प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला तो इतक्या वर्षांनी, आणि तोही अमेरिकेत. ॲरिझोना राज्यात फीनिक्स नावाचं शहर आहे. तिथे माझा भाचा राहतो आणि भाच्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार राहते. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी हयात आहे आणि कोर्टकचेऱ्या करण्याचं माझं वय राहिलेलं नाही. युरोपातल्या एका थंड देशात १९८४ साली जन्मलेली, इंजिन मागे, डिकी पुढे, अशी ती उलट्या काळजाची गाडी. शाळेत असताना भाच्याने तिचं चित्र भूगोलाच्या वहीवर चिकटवलं होतं. त्या वर्षी भूगोलात त्याला किती मार्क पडले ते इथे सांगत नाही. पण पुढे वीस वर्षं नोकरी करून पठ्ठ्याने ते चित्र खरं केलं.

मी गेलो तेव्हा बाहेर ४४ अंश होते. गाडीत 'बसणं' हा शब्द बरोबर नाही. विहिरीत उतरतात तसं उतरावं लागतं. उतरल्यावर पुढच्या फटीतून माझ्या बनियनवर एक झुळूक आली. जुन्या दमेकऱ्याने शेवटची मेणबत्ती विझवायचा प्रयत्न करावा, तशी.

"मामा, एसी चालू आहे बरं का," भाचा म्हणाला.

एसी चालू आहे हे जिथे तोंडाने सांगावं लागतं, तिथे रोग जुना आहे हे मी ओळखलं. मागच्या चिमुकल्या बाकड्यावर त्याचा पाच वर्षांचा मुलगा होता. पंधरा मिनिटांनी घरी पोचलो तेव्हा पोराचा चेहरा तांबडालाल झाला होता आणि ते बोलायचं थांबलं होतं. ते पोर बोलायचं थांबणं ही साधी गोष्ट नव्हे. सूनबाईने त्याला उचललं, नळाखाली धरलं, आणि माझ्यासमोरच शांतपणे सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत ही गाडी थंड झाली नाही तर ती विकायची." आवाज चढला असता तर भाच्याने काही तरी उत्तर दिलं असतं. चढला नाही, म्हणून तो घाबरला.

"दर उन्हाळ्यात गॅसचे दोन डबे भरतो मी," रात्री तो मला म्हणाला. "चार दिवस बरी चालते. मग पुन्हा तेच."

"गेल्या उन्हाळ्यात भरला होतास?"

"हो."

"मग तो गेला कुठे?"

भाचा इंजिनियर आहे. तरीही तो गप्प बसला. आईची आठवण येऊन मला बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, गॅस वापरला गेला असेल. मीही तसंच समजत होतो. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. त्याचं काम आपल्या माठातल्या पाण्याचं. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं आणि माठ गार पडतो. फरक एवढाच की माठातलं उडालेलं पाणी आपण सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी नळाला रांग लावतो. एसीत ती वाफ पकडून आणतात, कॉम्प्रेसर तिला दाबतो, कंडेन्सर नावाच्या जाळीत तिच्यातली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकतात, आणि वाफेचं झालेलं पाणी पुन्हा माठात. म्हणजे गार हवा कोणी तयार करत नाही. घरातली उष्णता उचलून दाराबाहेर टाकतात, इतकंच. गॅस हा हमाल. तो फेऱ्या मारतो, संपत नाही. दर वर्षी नवे हमाल आणावे लागत असतील तर जुने पळून जाताहेत, हे उघड आहे.

मोटारीला माठ लावायची कल्पना अमेरिकेतही आधी माठासारखीच होती. १९३०च्या पुढे तिकडे मोटारीच्या खिडकीला एक नळकांडं लटकवत. आत पाणी आणि ओलं भरण, वाऱ्याने गार हवा आत. आपल्या विदर्भातली वाळ्याची ताटीच ती. कोरड्या हवेत झकास. मुंबईत लावली असती तर प्रवासी उकडून निघाले असते. आमच्या फियाटला तेवढंही नव्हतं. पुढच्या दाराला एक त्रिकोणी काच होती, ती तिरकी केली की वारा थेट कानात. आम्ही त्यालाच एअरकंडिशन म्हणत होतो.

खरी यंत्रं आली ती पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांत. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात कंपनीने १९४० सालची नवी गाडी मांडली. वातानुकूलनाचे जादा २७४ डॉलर. गार करणारा भाग मागच्या सीटच्या पाठीमागे होता, त्यामुळे निम्मी डिकी त्यातच जायची. आणि कॉम्प्रेसर बंद करायची सोयच नव्हती! इंजिन चालू की तो चालू. थंडी पडली की बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा आणि उन्हाळा आला की पुन्हा चढवायचा. आपण गाद्या-रजया माळ्यावर टाकतो तसं. युद्ध आलं आणि तो प्रकार मिटला.

१९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स पुन्हा मैदानात उतरल्या. जनरल मोटर्सच्या गाड्यांत मागच्या काचेपाशी प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्या उभ्या असत आणि गार हवा त्यांतून छताकडे जाई. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढे, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवली, किंमतही ३४५ डॉलरवर आणली. आजही मोटारीतला एसी साधारण तसाच बसतो. नॅश म्हणजे नॅश-केल्व्हिनेटर. आपल्याकडे लग्नात मिळायचा त्या फ्रिजचे नातेवाईक. जनरल मोटर्सचं फ्रिजिडेअर होतंच. थोडक्यात, फ्रिज करणाऱ्यांनी आपल्या फ्रिजला चाकं लावली. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त नव्या गाड्यांत एसी होता.

या सगळ्या फ्रिजांत हमाल एकच, फ्रिऑन. त्याच्या आधीचे हमाल गुंड होते. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड. फ्रिज गळला की स्वयंपाकघर सोडून पळायचं. मग १९२८च्या सुमाराला जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजले आणि सहकाऱ्यांनी हा सभ्य वायू शोधला. पेटत नाही, वास नाही, विष नाही. १९३० मध्ये मिजलेसाहेबांनी भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. माणूस हुशार होता, फक्त त्याच्या घरात आमची आई नव्हती. ती टाळ्या संपायच्या आत म्हणाली असती, "फुंकर झाली, पण तो वायू गेला कुठे?"

हा प्रश्न विचारायला चाळीस वर्षं लागली. जेम्स लव्हलॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१-७२ मध्ये बोटीने अंटार्क्टिकापर्यंत जाऊन जागोजागची हवा तपासली. त्याच जातीचा एक वायू त्याला सगळीकडे सापडला, भर समुद्रातसुद्धा. हिशेब केला तर तोवर कारखान्यांतून निघालेला बहुतेक सगळा माल हवेत तसाच शिल्लक! लव्हलॉकना त्यात काही धोका दिसला नाही. पण कॅलिफोर्नियातल्या शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना या दोघांनी आईचा प्रश्न पुढे चालवला. शिल्लक आहे ना, मग शेवटी जाणार कुठे? उत्तर १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. तो वर चढत जातो, ओझोनच्या थरात पोचतो, सूर्याच्या प्रखर किरणांनी फुटतो, आणि त्यातलं क्लोरीन ओझोन खातं. सभ्य हमालाने गच्चीवर जाऊन छप्पर उसवायला घेतलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. अमेरिकेत १९९५च्या अखेरीस या वायूचं उत्पादन बंद पडलं, आणि मग तो चोरून आयात होऊ लागला. एसीच्या गॅसची तस्करी! आमच्या पिढीला तस्करी म्हणजे घड्याळं आणि सोन्याची बिस्किटं एवढंच ठाऊक होतं. रोलंड आणि मोलिना यांना १९९५ मध्ये नोबेल मिळालं, पॉल क्रुट्झेन यांच्यासह.

जुन्या गाड्यांना मग नवा हमाल देण्यात आला, आर-१३४ए. हा छप्पर उसवत नाही. पण भाच्याच्या गाडीच्या आधीच्या मालकाने बदल केला तो असा, की जुना गॅस काढला, तोट्या बदलल्या, नवा भरला, बाकी सगळं १९८४चं! दुखणं इथेच होतं.

पुढचे सहा शनिवार मामा-भाचे गॅरेजात. मी बॅटरी धरायचं काम केलं. कॉम्प्रेसर मागे इंजिनपाशी, गार करणारा भाग पुढे डिकीत. त्यामुळे रबरी नळ्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. जुनं रबर वरून धड दिसलं तरी त्याच्या अंगातून वायू झिरपतो, आणि नव्या गॅसचे रेणू लहान, ते आणखी सहज निसटतात. पहिलं उत्तर सापडलं. भाच्याने आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या नळ्या टाकल्या, जोडांवरच्या रबरी कड्या बदलल्या, तेलही नव्या गॅसला मानवणारं घातलं.

दुसरं उत्तर कंडेन्सरचं. मोठा कंडेन्सर बसवलाय कुठे, तर इंजिनच्या झाकणाला! म्हणजे उष्णता टाकायची ती भट्टीच्या डोक्यावर. गाडी पळत असेल तर इंजिनचा पंखा वारा ओढतो. सिग्नलला उभी राहिली की पंखा मंदावतो आणि खालून इंजिन तापवतं. त्यात नव्या गॅसला उष्णता टाकायला जास्त चांगली जाळी लागते. म्हणून भाच्याने बारीक सपाट नळ्यांचे नव्या पद्धतीचे कंडेन्सर बसवले, आणि मागच्या चाकाच्या पोकळीत आणखी एक, त्याचा स्वतःचा विजेचा पंखा लावून.

तिसरं सापडलं ते पाहून मला हसू आवरेना. या गाडीचा हीटर इंजिनच्या धुराड्याभोवती तापलेल्या हवेवर चालतो. ती हवा अडवायच्या झडपा गंजून अर्धवट उघड्या राहिल्या होत्या. एका हाताने माठातलं पाणी पाजायचं आणि दुसऱ्या हाताने शेगडी पेटवायची, असा कारभार इतकी वर्षं चालला होता. झडपा मिटल्या आणि गॅस न भरताच निम्मी गाडी गार वाटू लागली.

शेवटी आतली हवा पंपाने ओढून सगळं निर्वात केलं, आणि गॅस वजन करून भरला. जुन्याच्या वजनाच्या साधारण ८५ टक्के. अंदाजाने डबे रिकामे करणं बंद. भाच्याने सूनबाईच्या स्वयंपाकघरातलं थर्मामीटर फटीत खोचलं. पूर्वी २१ दाखवत होतं. बाहेर ४१ असताना आता ८ दाखवलं. पोराला मागे बसवून आम्ही अर्धा तास फिरून आलो. परत येईपर्यंत ते सतत बोलत होतं. सूनबाईने दारातच त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "गार आहे," एवढंच म्हणाली आणि आत गेली. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मीच एक खुसपट काढलं. "हा नवा गॅस निसटला तर कुठे जातो रे?"

भाच्याने खरं ते सांगितलं. ओझोनला धक्का नाही, पण हवेत राहून पृथ्वी तापवतो. वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून २०१६ मध्ये किगालीला पुन्हा करार झाला, आणि हल्लीच्या नव्या गाड्यांत तिसराच वायू असतो. तो हवेत थोडेच दिवस टिकतो. "मग तो कुठे जातो?" "त्याचं एक आम्ल होतं मामा, आणि ते पावसाबरोबर खाली येतं." दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. आई असती तर म्हणाली असती, निदान विचारायला तरी शिकलात.

पुढच्या वर्षी जूनमध्ये भाच्याचा फोन आला. तिकडे ४५ अंश होते, आमच्याकडे पहिला पाऊस.

"मामा, या वर्षी एकही डबा भरला नाही."

"मग गेल्या वर्षीचा गॅस गेला कुठे?" मी सवयीने विचारलं.

"कुठेच गेला नाही मामा," तो म्हणाला. "आहे तिथेच आहे."

हे उत्तर आमच्या आईला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.