अक्षराचा धनी कोण?

ग्रंथ वाचतांना आपण मजकूर पाहतों, अक्षर पाहत नाहीं. आणि उत्तम अक्षराची खूण हीच कीं, तें डोळ्यांस अडत नाहीं. यामुळेंच कीं काय, अक्षर घडविणाऱ्याच्या हक्काकडे जगाचें लक्ष फार उशिरा गेलें.

इ. स. १५०१ मध्यें व्हेनिस येथील विख्यात मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानें व्हर्जिलचीं काव्यें लहान आकारांत छापलीं. त्यांत योजिलेलें तिरपें अक्षर तत्कालीन विद्वानांच्या हस्ताक्षरावरून घेतलेलें होतें. त्याचे ठसे बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोनें कोरले होते. ग्रंथारंभीं आल्डसनें या कारागिराच्या हातांची स्तुति केली खरी; परंतु १५०२ मध्यें या अक्षराच्या अनुकरणास दहा वर्षें मनाई करणारी सनद व्हेनिसच्या सिनेटनें दिली, ती आल्डसच्या नांवें. ग्रिफो फानो येथें गेला. तेथील मुद्रक सोन्सिनो यानें १५०३ मध्यें पेत्रार्कच्या आवृत्तींत स्पष्ट लिहिलें कीं, आल्डसच्या अक्षरांचा खरा निर्माता ग्रिफोच होय.

सनदेचा अंमल फ्रान्सांत चालत नव्हता. लियाँच्या मुद्रकांनीं तें अक्षर बेधडक उचललें. आल्डसनें १५०३ मध्यें जाहीरनामा काढून त्यांच्या नकलांतील चुका दाखविल्या. त्या बहाद्दरांनीं त्याच यादीवरून आपलीं पुस्तकें दुरुस्त करून घेतलीं!

पुढें शिशाचे खिळे गेले, संगणक आला. वाद तोच राहिला. अमेरिकेंत १९७८ मध्यें एल्ट्रा कंपनीच्या खटल्यांत अपील न्यायालयानें ठरविलें कीं, अक्षराचें वळण ही उपयोगाची वस्तु असून तिचें सौंदर्य उपयोगापासून वेगळें काढतां येत नाहीं. सबब त्यास कॉपीराइट नाहीं. १९९८ मध्यें अडोबी कंपनीच्या खटल्यांत फॉन्टच्या संगणकीय आज्ञावलीस मात्र संरक्षण मिळालें. म्हणजे आज्ञावलीची नक्कल हा अपराध. पण तेंच वळण कोणीं नव्यानें रेखाटलें, तर कॉपीराइटचा कायदा त्यास अडवीत नाहीं.

या न्यायामागें तथ्य नाहीं असें नाहीं. वर्णमाला सर्वांची आहे. तिला कुलूप लागलें तर विद्येचीच कोंडी होईल. परंतु वर्णमाला निराळी आणि तिला एका माणसानें वर्षानुवर्षें खपून दिलेलें वळण निराळें. ‘अ’ कोणाचाहि नाहीं. त्याचा डौल मात्र कोणाचा तरी असतो. ग्रिफोच्या अक्षरास जगानें त्याच्या देशावरून ‘इटॅलिक’ म्हटलें. देशाचें नांव राहिलें. कारागिराचें नांव आज किती वाचकांस ठाऊक आहे?