म्हाताऱ्या ताऱ्यांचा माग

पारनेर तालुक्यातल्या अळकुटीहून बेल्ह्याच्या वाटेने पश्चिमेकडे निघाले, की आपला जिल्हा संपून जुन्नर तालुका लागतो. त्याच तालुक्यात खोडद आहे. तिथल्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकंदर ३० थाळ्या. १४ जवळजवळ, बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूपांची ही करणी. त्यांनी १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केलीच होती. खोडदला पत्रा न वापरता बारीक पोलादी तारांची जाळी ताणली. वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि पैसाही वाचतो!

मोठा तारा म्हातारा होऊन फुटला, की पुष्कळदा मागे उरतो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून अधिक. रुंदी वीसेक किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्यात मावेल. तो गरगर फिरतो आणि दर फेऱ्याला त्याचा रेडिओ ठोका आपल्याला ऐकू येतो. हा स्पंदक तारा. पहिला सापडला १९६७ साली केंब्रिजला, जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला. १९७४ चे नोबेल मात्र तिच्या गुरूंना मिळाले, असो.

आता त्याचे अंतर कसे मोजायचे? एकाच वेळी दोन गडी निघाले, एक चपळ, एक संथ. ते किती अंतराने पोहोचले यावरून रस्त्याची लांबी काढता येते. पण वाटेत चिखल किती, हे ठाऊक हवे. ठोक्यातल्या लांब लहरी आखूड लहरींच्या मागून येतात, कारण वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा हिशेब चुकला, की अंतर चुकले. म्हणून ज्याचे अंतर दुसऱ्या रीतीने कळलेले असते, असा स्पंदक मोलाचा.

खोडदच्या दुर्बिणीने २००४ मध्ये तसाच एक दिला. सुमारे ३९,००० प्रकाशवर्षांवरच्या एन.जी.सी. १८५१ या तारकागुच्छात, सेकंदाला दोनशे ठोके देणारा. पाउलो फ्रेअरी, यशवंत गुप्ता आदींनी तो हुडकला. येणाऱ्या आगगाडीची शिटी बारीक आणि जाणाऱ्या गाडीची जाड वाटते ना? तसेच ठोकेही कधी दाट, कधी विरळ येत होते. त्यावरून कळले की तो १८.८ दिवसांत जोडीदाराभोवती फिरतो, आणि कक्षा विलक्षण लांबट आहे.

पण इतके क्षीण ठोके ऐकायचे, तर आसपास रेडिओचा गलबला नको. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे नारायणगाव, संगमनेरवरून न्यायची आखणी होती. या दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून ती बदलायची ठरली. नवा मार्ग अहिल्यानगर, शिर्डीकडून सुचवला गेला. मग २०२५ साली संगमनेरकर मूळच्या मार्गासाठी आग्रह धरून बसले. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. गावाला रेल्वे हवीच. पण रूळ दुसरीकडून टाकता येतात, तीस थाळ्या उचलून नेता येत नाहीत.