स्कोअरबोर्डवरची बाकी : पेशवे, गायकवाड आणि पंढरपुरातला एक खून

आजचा एपिसोड गेमर लोकांसाठी आहे, आणि ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठीसुद्धा.

'एज ऑफ एम्पायर्स २' खेळणाऱ्यांना मॅच संपल्यावरचा तक्ता पाठ असेल. त्यात इकॉनॉमीचं एक पान असतं. किती अन्न गोळा केलं, किती लाकूड, दगड, सोनं, व्यापारात किती नफा. शेवटी दोन रकाने : ट्रिब्यूट किती पाठवलं आणि किती मिळालं. ट्रिब्यूट म्हणजे आपल्या भाषेत खंडणी.

या तक्त्यात एक रकाना नाहीये, बघा. 'येणं बाकी'. समोरच्याने एक हजार सोनं कबूल केलं आणि पाठवलंच नाही, तर गेमला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं. हातात पडलं तेवढंच मोजायचं.

मराठेशाहीच्या दप्तरात मात्र हा रकाना होता, आणि शेवटी शेवटी तोच सगळ्यात फुगलेला होता.

१७५० च्या दशकात नानासाहेब पेशव्यांनी दमाजी गायकवाडांकडून गुजरातचा अर्धा वाटा घेतला. शिवाय दरवर्षीची खंडणी ठरली. पुढे बडोद्याच्या गादीवर नवा माणूस बसला की मान्यतेसाठी नजराणा. कबूल केलेली फौज पाठवली नाही की त्याचे पैसे. यातलं काही वसूल व्हायचं, बरंच राहायचं. जे राहिलं ते पुढच्या वर्षाच्या हिशेबात चढायचं. पुण्याच्या वहीत स्कोअर वाढतोय, खजिन्यात मात्र खडखडाट!

गायकवाडांची उलटी यादी पण तयार होती. आमचा हक्क असलेलं भडोच तुम्ही आम्हाला न विचारता इंग्रजांना देऊन टाकलंत. तुमच्याच सुभेदाराचं, आबा शेलूकराचं बंड आम्ही मोडलं, त्या फौजेचा खर्च कोण देणार? म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन वह्या, आणि दोन्हींत समोरचाच देणेकरी. बॅकएंडवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. दोन सर्व्हर, दोन डेटाबेस, आणि सिंक कधीच झालेलं नाही.

यात अजून एक गुंता होता, अहमदाबादचा इजारा. इजारा म्हणजे वसुलीचं कंत्राट. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम देणार, मग मुलखातून काय काढायचं ते त्याचं तो बघणार. पेशव्यांच्या वाट्याचं अहमदाबाद १८०४ मध्ये गायकवाडांना दहा वर्षांसाठी, वर्षाला साडेचार लाखांवर मिळालं होतं. १८१४ मध्ये मुदत संपली आणि दुसऱ्या बाजीरावाने तो इजारा आपल्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळेला दिला.

हा सगळा हिशेब मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात आले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांची. बोलणी महिनोन्‌महिने चालली. सगळी जुनी बाकी सोडायची आणि त्याबदल्यात पेशव्यांनी सात लाख उत्पन्नाचा मुलूख घ्यायचा, असाही तोडगा निघाला. पण बडोद्याहून होकार आला नाही.

जुलै १८१५. आषाढीसाठी पेशवे पंढरपुरात, सोबत शास्त्रीबुवाही. रात्री विठ्ठलाचं दर्शन घेऊन परत येताना, वाटेत त्यांचा खून झाला. आळ त्रिंबकजीवर आला. खटला चाललाच नाही. रेसिडेंट एल्फिन्स्टनने दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्याच वर्षी तो तिथून पळाला.

मग पुढचं पटापट घडलं. जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला गायकवाडांवरच्या जुन्या मागण्या ठरावीक रकमेवर मिटवाव्या लागल्या, आणि मराठा सरदारांचं प्रमुखपदही सोडावं लागलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला. पेशवाई फक्त या बाकीपायी बुडाली असं मी म्हणत नाही. पण साठ वर्षं चढत गेलेला हिशेब तहाच्या एका कलमात मिटवला गेला, हे खरं.

आता गेमकडे परत. गेममध्येही खंडणी पाठवताना सुरुवातीला ३० टक्के फी कापली जाते. कॉइनेज शोधलं की २० टक्के, बँकिंग शोधलं की शून्य. म्हणजे पैसा हलवायला खर्च येतो, एवढं गेमला कळतं. पण इजाऱ्याची खरी किंमत त्याला कळत नाही. इजारदाराची मुदत थोडी, पुढच्या वेळी कंत्राट मिळेल याची खात्री नाही. मग तो विहीर बांधायला, पडीक जमीन लागवडीला आणायला पैसे कशाला घालेल? तो ओरबाडणारच. सरकारच्या वहीत पूर्ण वसुली दिसते, आणि गावात कुणबी बैल विकतो. या बैलाला कुठल्याच स्कोअरबोर्डवर रकाना नाही. ना गेमच्या, ना पेशव्यांच्या.

म्हणून कुठलाही मोठा आर्थिक आकडा समोर आला, साम्राज्याचा असो, सरकारचा असो नाहीतर एखाद्या स्टार्टअपचा, तर तीन प्रश्न विचारा. हातात आलेला आहे की येणं आहे? समोरच्याच्या वहीत तो तसाच आहे का? आणि तो कोणाच्या घरातून निघाला?

पंढरपूरला दर्शनाला गेलात तर परतताना शास्त्रीबुवांची आठवण काढा. आपल्याकडे वारीच्या गोष्टी खूप सांगतात, ही फारशी कोणी सांगत नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर राम कृष्ण हरी!